दोन फिती म्हणजे वळण

शाल्मली मॅडम डावीकडे वळल्या आणि मला बोलायची परवानगी नव्हती.

नियम त्यांचाच होता. सकाळी सात वाजता हेल्मेटचा पट्टा लावता लावता त्यांनी तो मला सांगितला होता. "मी फक्त खुणा बघत जाणार. तू माझ्या मागे पन्नास फुटांवर राहायचं. मी चुकले, पडले, खड्ड्यात गेले, तरी तोंड उघडायचं नाही. बोललास की चाचणी रद्द."

"आणि साप दिसला तर?"

"कोणाला?"

"मला."

"मग तो तुझा खाजगी प्रश्न आहे."

त्यानंतर आठ किलोमीटर मी तोंड मिटून सायकल चालवली. आमचा निंबोण्याचा माळ म्हणजे कुणीतरी सतरंजी झटकली आणि ती खाली बसायच्या आतच तशीच ठेवून दिली, असा आहे. चढ येतो, पण दम लागायच्या आत संपतो. उतार येतो, तोही फार हुरळू देत नाही. दिवाळी नुकतीच झालेली, गवत सोनेरी झालेलं, आणि त्यातलं कुसळ मोज्यातून आत शिरून आपली ओळख करून देत होतं. मॅडमना सगळ्याचंच कुतूहल. मध्येच ब्रेक दाबायच्या, खाली वाकायच्या.

"ही विष्ठा लांडग्याची का रे?"

मी मान हलवली. मान हलवणं बोलण्यात धरायचं की नाही, यावर त्यांनी थोडा विचार केला.

"मानेला परवानगी आहे," त्या म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. लांडग्याबद्दल की मानेबद्दल, ते कळलं नाही.

नवव्या किलोमीटरला हिवराचं जुनं झाड आहे. तिथे वाट फुटते. उजवी वाट तरवडाच्या झुडपांमधून वनखात्याच्या रोपवनात शिरते, ती आमची. डावी खाली घळीत उतरते. तिच्याशी आमचा काही संबंध नव्हता. उजव्या वाटेवर तरवडाला बांधलेली केशरी फीत पंचवीस पावलांवर स्वच्छ फडफडत होती. पण मॅडम तिथवर पोचल्याच नाहीत. त्यांना आधी हिवर दिसला, आणि त्याच्या डाव्या अंगाला दोन केशरी फिती शेजारी शेजारी दिसल्या.

आमच्या खुणांची भाषा साधी होती. एक फीत म्हणजे रस्ता बरोबर आहे, चालत राहा. दोन फिती म्हणजे ज्या बाजूला त्या आहेत तिकडे वळा. तीन म्हणजे सायकलवरून उतरा, पुढे धोका. ही भाषा मी बनवली होती आणि मला तिचा अभिमान होता. भूगोलात एम.एस्सी. करून मी तोवर बनवलेली ती एकमेव गोष्ट होती.

तर मॅडम वळल्या. कायद्याप्रमाणे वळल्या.

हिवरावर एक फीत आहे हे मला माहीत होतं. ती तिथे का आहे, हे मी तेव्हा कोणी उलटं टांगलं असतं तरी सांगितलं नसतं. पण एका फितीने काही बिघडणार नव्हतं. एक म्हणजे चालत राहा. ही दुसरी कुठून आली?

मी तोंड मिटलं आणि त्यांच्या मागे घळीत उतरलो.

*

यात कोणाचं काय अडकलं होतं, ते आधी सांगतो.

तन्वीर मुलाणी माझा मित्र. निंबोण्याच्या एस.टी. स्टँडसमोर त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान. आम्ही दोघे दहावीपासून त्या माळावर सायकली दामटत होतो. आधी साध्या, मग त्याने भंगारातून जुळवलेल्या जाड टायरच्या. एवढ्या गावात असा उद्योग करणारे दोघेच, त्यामुळे आमच्यात कायम पहिला आणि दुसरा नंबर यायचा.

त्या वर्षी त्याच्या मामाने कुवेतला एका गॅरेजात त्याच्यासाठी जागा धरून ठेवली. होय की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. आणि पुण्याची 'डोंगरचाक' नावाची मंडळी माळरानावरच्या सायकल शर्यतीसाठी नवा मार्ग शोधत होती. मार्ग पास झाला तर शर्यत दरवर्षी आमच्याकडे, आणि वर्षभर त्याची निगा राखायचं काम पगारावर तन्वीरकडे. म्हणजे हिशेब सरळ होता. रविवारी त्यांच्या शाल्मली मॅडम मार्ग तपासायला येणार होत्या. त्यांनी पास केलं, तर तन्वीर निंबोण्यात. नापास केलं, तर कुवेतमध्ये.

हे सगळं जुळवून आणलं होतं मी. डोंगरचाकला पत्रही मीच लिहिलं, तन्वीरच्या नावाने, तन्वीरला न विचारता. उत्तर आलं तेव्हा त्याला दोन्ही दाखवलं. त्याने माझं पत्र दोनदा वाचलं.

"मी एवढं चांगलं मराठी लिहितो?" त्याने विचारलं.

"तुला आनंद नाही झाला?"

"झाला ना," तो म्हणाला आणि लोखंडी पट्टीने एक टायर सोडवायला घेतला. तो टायर त्याने नुकताच बसवलेला होता.

मामा जबरदस्ती करतोय, पोराला तोंड उघडवत नाही, असा माझा समज होता. मित्राच्या मनातलं आपल्याला न सांगता कळतं, असाही माझा समज होता. तेव्हा मला बरेच समज होते.

शनिवारी आम्ही अठरा किलोमीटरवर फिती बांधल्या. गावातल्या शिंप्याकडून केशरी कापडाच्या दोनशे चाळीस पट्ट्या कापून आणल्या होत्या. वनरक्षकाची अट होती की सोमवारी जंगलात एकही फीत दिसता कामा नये. म्हणून सगळ्या सुरगाठीने बांधायच्या ठरलं, म्हणजे एक टोक ओढलं की सुटेल. रोपवनातला पुढचा भाग सकाळीच उरकला, अलीकडचा दुपारभर बांधत आलो. उन्हं कलली तेव्हा हिवरापाशी पोचलो.

हा हिवर चिंध्यादेवाचा. येणाराजाणारा आपल्या अंगावरच्या कापडाची चिंधी फाडतो, मनातलं काही मागतो आणि झाडाला बांधतो. मागितलेलं मिळालं की परत येऊन स्वतःची गाठ स्वतः सोडायची. दुसऱ्याची सोडायची नाही. मूर्ती नाही, पुजारी नाही, वेळ नाही. सगळ्या तालुक्यात एवढी सुटसुटीत व्यवस्था दुसरी नसेल. झाडावर पानांपेक्षा चिंध्या जास्त. पावसाने धुऊन सगळ्यांचा रंग एकच झालेला.

मी देव मानत नाही. भूगोलाचा माणूस, मला जमीन पुरते. पण तन्वीर मागे राहिला होता, आणि सोमवार समोर दिसत होता. मी झाडाच्या पलीकडच्या अंगाला गेलो. शर्ट दिवाळीचा, नवा होता. तो फाडवेना. म्हणून खिशातली एक केशरी फीत काढली आणि फांदीला बांधली. सुरगाठ नाही. निरगाठ मारली, वर आणखी दोन वेढे दिले. आणि मनातल्या मनात, कोणी ऐकत नाही याची खात्री करून म्हणालो, 'हा इथेच राहू दे.'

परत आलो तर तन्वीर चढ चढून येत होता.

"कुठं होतास?"

"लघवीला गेलो होतो."

"माझी चेन उतरलीय. हो पुढे, आलोच."

मी पुढे होऊन तरवडाला फीत बांधली. तो आला. दिवस मावळायच्या आत आम्ही काम उरकलं. शेवटी मोजलं तर दोन फिती कमी भरल्या.

"वाऱ्याने गेल्या असतील," आम्ही दोघे एकदम म्हणालो. त्या संध्याकाळी गवताचं पातंसुद्धा हलत नव्हतं.

एक कुठे गेली ते मला माहीत होतं. दुसरीबद्दल मी शिंप्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

*

घळीतली वाट सुरुवातीला फार छान होती. मॅडम सीटवरून उठून, गुडघे मोकळे ठेवून खाली घसरत होत्या. मध्ये एकदा त्यांनी न वळता मोठ्याने म्हटलं, "हा उतार तर नकाशात दाखवला नव्हता! मस्त आहे!" मानेला परवानगी होती, पण त्यांना मागे डोळे नव्हते.

मग वाट एका बोराटीला वळसा घालून संपली. पुढे वाघर होती. धनगर मेंढरं बसवायला खुंट्या ठोकून जाळं लावतात, त्याला वाघर म्हणतात. मॅडमना ती दिसली नाही, कारण ती मेंढरांच्याच रंगाची असते. त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले. सायकल थांबली. त्या थांबल्या नाहीत.

दीडशे मेंढरांच्या मधोमध त्या बसलेल्या अवस्थेत पोचल्या. मेंढरं क्षणभर गप्प झाली. मग सगळी एकदम बोलू लागली. एक कुत्रा आला, त्याने मॅडमचा बूट हुंगला आणि तो त्यांच्याशेजारी बसून राहिला, जणू त्या हरवल्याची तक्रार त्याच्याकडे आधीच आलेली होती.

मी वाघरीबाहेर पन्नास फुटांवर तोंड मिटून उभा.

"बोल आता," मॅडम म्हणाल्या. "चाचणी थांबली."

"लागलं का मॅडम?"

"मला आधी हे सांग, हा मार्गाचा भाग आहे का?"

"नाही."

"मला वाटलंच. पण खात्री नव्हती. सगळं इतकं विचित्र आहे इथे, की म्हटलं असेलही."

झोपडीसारख्या पालातून बिरातात्या ठोंबरे बाहेर आले. साठीचे, डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी. दरवर्षी दिवाळीनंतर त्यांचा कळप आमच्या माळावर उतरतो. मला ते लहानपणापासून ओळखतात, आणि कधीच फार खूश नसतात.

"रंग्या, ही बाई कोन?"

"पुण्याच्या मॅडम आहेत, तात्या. सायकलची वाट तपासायला आल्यात."

"मग वाटंवरनं का न्हाई जात?" मग मॅडमकडे वळून, "उठू नका, ताई. गडबड केली की मेंढरं बुजत्यात. म्यानेजर, सर बाजूला."

म्यानेजर हे कुत्र्याचं नाव होतं. तो सरला.

मॅडमच्या कोपराला खरचटलं होतं, गुडघा ठेचाळला होता. तात्यांनी तांब्यात पाणी दिलं, हळद लावली आणि चुलीवर मेंढीच्या दुधाचा चहा ठेवला. मॅडमनी वाघर कशी विणतात, मेंढी दिवसाला किती दूध देते, कुत्र्याचं नाव म्यानेजर का, हे सगळं विचारून घेतलं.

"बँकेत हुता आधी," तात्या म्हणाले. "म्हंजी बँकेच्या दारात. तितं बसून बसून कुनाला आत सोडायचं न्हाई, एवढंच शिकलाय."

चहा उकळेपर्यंत मी म्हणालो, "मॅडम, वर जाऊन झाड बघून येतो."

"जा. मलाही जाणून घ्यायचंय की तिथे दोन कशा होत्या." त्यांनी वही काढली. "आणि ऐक. मार्ग सुंदर आहे. ते रोपवनातले चर मला लांबून दिसलेत. पाणी जिरवायला खणलेले ना? लाटांवरून जाते तशी सायकल जाईल त्यांच्यावरून. मला तो मार्ग हवाय. पण खुणांचं नीट सांगावं लागेल मला."

मी निघालो. तात्या न बोलावता बरोबर आले.

*

जवळून पाहिलं तर दोन्ही फिती एका फांदीवर नव्हत्याच. माझी पलीकडच्या फांदीवर, दुसरी अलीकडच्या. चढ चढून येणाऱ्याला मात्र त्या शेजारी शेजारी टांगल्यासारख्या दिसत होत्या. दुसरीही निरगाठीने बांधलेली होती, आणि तिच्यावर काळ्या ग्रीसचा अंगठा उमटला होता. अख्खा. आधारकार्डाला चालला असता.

मी तो अंगठा ओळखत होतो. माझ्या सगळ्या वह्यांवर, दोन शर्टांवर आणि एका मार्कशीटवर तो होता.

चेन उतरली नव्हती तर. तन्यानेही नवस केला होता.

मला हसू फुटलं. एकाच झाडाला, एकाच संध्याकाळी, एकमेकांची नजर चुकवून दोघांनी एकच गोष्ट मागितली होती! मी पत्र लिहिलं ते बरोबरच होतं. मला त्याच्या मनातलं कळत होतं ते बरोबरच होतं. त्यालाही जायचं नव्हतं.

"हसायला काय झालं?" तात्यांनी विचारलं.

"काही नाही. ही दुसरी तन्वीरची आहे."

"म्हाईत हाय. मी समोरच्या टेकाडावर हुतो की काल. आदी तू आलास, चोरावानी. मग मुलान्याचं पोरगं आलं. म्हटलं, जोडीनं नवस बोललाय जनू." ते जवळ आले आणि माझ्या फितीला बोट न लावता तिच्याकडे बघत राहिले. "पर तुमाला रीत कुनी शिकीवली न्हाई. चिंदी अंगावरची द्यायची आसती. तुमी दोगांनी दुकानातली दिली."

"शर्ट नवा होता."

"मग द्येव बी जुनंच कायतरी दील."

"तन्वीरनेही शर्ट फाडला नाही?"

"त्येनं कुटलं फाडायला. त्येचा आजा मातूर धोतराची किनार फाडायचा. लई मानायचा ह्या झाडाला. जत्रंला बकरं हलाल करायला आला की आदी हितं यायचा." तात्यांनी मुंडासं सारखं केलं. "पोरानं फीत बांधली. मग खिशातनं एक वही काडली, निळी. ल्हान. ती बुंध्याला टेकवली, मग कपाळाला लावली, आनि परत खिशात घातली."

"कसली वही?"

"मी काय वाचतो? निळी हुती. पुड्यावर सोनेरी शिंव्ह हुते. तीन."

म्यानेजर आमच्यामागे येऊन बसला होता. खाली घळीत मेंढरं सुटू लागली होती. मी त्या अंगठ्याकडे पाहत राहिलो.

पासपोर्ट.

राहण्यासाठी नवस बोलणारा माणूस झाडाला पासपोर्ट टेकवत नाही. राहण्यासाठी पासपोर्ट लागत नाही.

मला पत्र वाचणारा तन्वीर आठवला. नुकताच बसवलेला टायर सोडवणारा तन्वीर आठवला. गेले तीन आठवडे तो माझ्याबरोबर दगड उचलत होता, काटे तोडत होता, चरांची तोंडं घासून गोल करत होता. मी 'पास होईल ना रे' म्हटलं की दर वेळी 'होईल की' म्हणत होता. मला वाटायचं, घाबरलाय. तो घाबरला होताच. पास होईल म्हणून.

"काय झालं रं?" तात्यांनी विचारलं.

"त्याने काय मागितलं असेल, तात्या?"

"नवस इचारू ने. इचारला की ढिला पडतो."

"आणि दोघांनी उलटसुलट मागितलं तर?"

तात्यांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. खाली वाकून एक काडी उचलली, दातात धरली. "एकदा दोन भाव आले हुते. एक म्हनला पाऊस पडू दे, एक म्हनला खळं व्हयस्तवर थांबू दे. दोगांनी ह्याच फांदीला बांदली."

"मग?"

"मग फांदी मोडली."

*

मॅडम चढ चढून वर आल्या, सायकल हातात धरून, थोड्या लंगडत. पुढचं चाक जरा वाकडं झालं होतं. त्या झाडासमोर थांबल्या आणि बराच वेळ वर बघत राहिल्या. चिंध्यांच्या त्या गर्दीत आमच्या दोन केशरी फिती नव्या सुनांसारख्या उठून दिसत होत्या.

"हे काय आहे सगळं?"

मी सांगितलं. देव, चिंध्या, गाठ. आमचं सोडून सगळं.

"म्हणजे ज्याचं काम झालं तो येऊन सोडतो," त्या म्हणाल्या. "आणि ह्या ज्या इथे आहेत, त्या सगळ्या..."

"व्हायच्या हाईत," तात्या म्हणाले.

मॅडमनी वही उघडली, पेन काढलं. "आता नीट ऐक, श्रीरंग. लोक खुणा काढतात, गुरं फिती खातात, कोणी गंमत म्हणून बांधतं. हे सगळीकडे होतं, त्याला इलाज आहे. तसं असेल तर मी पास लिहिते, वर 'स्थानिकांशी बोलावे' अशी टीप टाकते, आणि विषय संपला. पण खुणा लावणाऱ्यांनीच चुकीच्या जागी लावल्या असतील, तर त्या माणसांच्या भरवशावर मी दोनशे जणांना इथे सोडू शकत नाही. आज मेंढरं होती. उद्या विहीर असेल. तर ह्या कोणी बांधल्या?"

मी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि काय समजले कुणास ठाऊक, पुढे झाले.

"माज्या नावावर घाला, ताई," ते म्हणाले. "मी बांदल्या. मला काय, मला सायकल येत न्हाई."

मॅडमनी पेन टेकवलं. मी पाहत होतो. एवढं एक वाक्य, तेही मी न बोलता, दुसऱ्याच्या तोंडून आयतं आलेलं. मान हलवली असती तरी भागलं असतं. मानेला तर सकाळपासून परवानगी होती. मार्ग पास, शर्यत दरवर्षी, आणि तन्या स्टँडसमोर, माझ्यापासून तीन मिनिटांवर, आयुष्यभर नवे टायर सोडवत बसलेला. माझा नवस पुरा. दुकानातल्या फितीवर.

"तात्या खोटं बोलतायत," मी म्हणालो. "आम्ही बांधल्या. एक मी, एक तन्वीरने."

"चुकून?"

"नाही. एकमेकांना न सांगता."

"कशासाठी?"

"नवस इचारू ने, ताई," तात्या म्हणाले. "ढिला पडतो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग फितींकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांना किती कळलं हे मला आजही माहीत नाही. कुतूहल असलेल्या माणसाने प्रश्न न विचारणं किती कठीण असतं, ते मात्र मी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी पेन उचललं, एक शब्द लिहिला आणि वही मिटली.

"उरलेला मार्ग मी तरीही चालवणार आहे," त्या म्हणाल्या. "चरांसाठी. आता तू बोललास तरी चालेल."

मी तरीही पन्नास फूट मागेच राहिलो.

*

तन्वीर शेवटच्या खुणेपाशी पाण्याचा कॅन आणि डझनभर केळी घेऊन थांबला होता. मॅडमनी एक केळं घेतलं, त्याच्या हाताखालची सायकल बघून कौतुक केलं, वाकडं चाक त्याच्याकडून दहा मिनिटांत सरळ करून घेतलं आणि गाडीत बसून गेल्या. निकाल सांगायचं माझ्यावर सोडलं.

"काय झालं?"

"नापास."

"अरेरे," तन्वीर म्हणाला.

तन्वीरला मी बारा वर्षं ओळखत होतो. तो शिव्या द्यायचा, थुंकायचा, पान्हा फेकायचा. 'अरेरे' तो कधीच म्हणाला नव्हता. तो शब्द त्याने या प्रसंगासाठी आधीपासून आणून ठेवला असावा. त्याने तोंडही पाडलं, पण ते नीट पडेना. एका बाजूने वर येत होतं.

"कुठं चुकल्या?"

"हिवरापाशी. डावीकडे वळल्या."

त्याचं तोंड आता दोन्ही बाजूंनी व्यवस्थित पडलं. त्याने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि तो मुठीत घेतला.

"एक फीत बघून वळल्या?" त्याने हळूच विचारलं.

"एक नाही. दोन होत्या."

"दोन?"

तो खरोखर चकित झाला होता. दोन हा आकडा त्याच्या हिशेबात नव्हताच. तो माझ्याकडे पाहत राहिला, आणि त्याचा हिशेब पुरा होताना मला दिसला. माझं लघवीला जाणं, कमी भरलेल्या फिती, सगळं एकेक करून जागेवर बसलं. डोळे भरून आलेला सायकलवाला फार विचित्र दिसतो. ग्रीसमुळे त्याला ते पुसताही येत नाहीत.

"रंग्या, दुसरी कशी आली रे?"

"वारा," मी म्हणालो.

"हां," तो म्हणाला. "काल वारा लई होता."

मग आम्ही दगडावर बसून केळी खाल्ली. अकरा होती. त्याने सहावं मला दिलं.

सोमवारी सकाळी त्याने मामाला फोन केला. मी वनरक्षकाच्या अटीप्रमाणे माळावरच्या दोनशे अडतीस फिती सोडवल्या. एकेक टोक ओढलं की सुटत होती. हिवरावरच्या दोघींना हात लावला नाही. वनरक्षकाने नंतर विचारलंही, "सगळ्या काढल्या?" मी मान हलवली.

*

याला आता सहा वर्षं झाली. तन्वीर गेल्यावर दुकान मी घेतलं. भूगोलाचा त्यात एवढाच उपयोग होतो, की पंक्चरमधला काटा बघून गिऱ्हाईक कोणत्या वाटेने आलं ते मला सांगता येतं. शर्यत दुसऱ्या तालुक्यात भरते. शाल्मली मॅडम वर्षातून एकदा नुसत्या चरांसाठी येतात आणि जाता जाता म्यानेजरची चौकशी करतात.

तन्वीर पहिल्या सुट्टीवर दोन वर्षांनी आला. पोट सुटलेलं, हात स्वच्छ. नखंसुद्धा. माझ्यासाठी जर्मन पान्ह्यांचा संच आणला होता. गॅरेजाबद्दल, उन्हाबद्दल, खोलीतल्या केरळी पोरांबद्दल तो दोन तास बोलला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकानातली एक सायकल बाहेर काढली.

"जरा माळावर जाऊन येतो."

"थांब, मीही येतो."

"नको," तो म्हणाला. "चेन बघायचीय."

दीड तासाने परत आला. मोज्यात कुसळं, गुडघ्याला धूळ, आणि अंगठा पुन्हा काळा.

तो परत गेल्यावर मी हिवरापाशी गेलो. बिरातात्या समोरच्या टेकाडावर होते, पण खाली उतरले नाहीत. अंगठ्याची फीत नव्हती. गाठ सोडताना साल थोडी खरवडली होती तेवढंच. माझी होती तिथेच होती. केशरी रंग उडून ती आता बाकीच्यांसारखीच झाली होती, पण गाठ पक्की होती. नवसाला मुदत नसते, असं तात्या म्हणतात. मी तिला हात लावला नाही.

मग सायकल घेऊन थोडा मागे गेलो आणि जिथून मॅडमना दोन फिती दिसल्या होत्या, तिथून वर पाहिलं.

एक फीत. नियम मीच केलेला होता. मी पेडल मारलं आणि उजव्या वाटेने रोपवनात शिरलो.